बेडका काढणारी सित्तना

सरकारी कागदावर सित्तना झाडूवाली. आमच्या छातीच्या दवाखान्यात ती बावीस वर्षं झाडू मारत होती, ते काही खोटं नाही. पण तिचं खरं काम निराळं होतं. माणसाच्या छातीच्या तळाशी बसलेला बेडका वर आणावा तो सित्तनानंच.

"हे काय आनलंस?" डबी उजेडात धरून ती एखाद्या उंटवाल्याला विचारायची. "ही तोंडातली थुंकी. आसली तर माजी शेळी बी देती. जा, बुडापासनं खोक. तलवार बांदून फिरतोस आन् खोकायला लाजतोस?"

बायकांची तऱ्हा वेगळी. आमच्या पूर्व सुदानच्या बेजा लोकांत बाईनं पुरुषांदेखत खाकरणं म्हणजे भर बाजारात नाचणं. सासऱ्यासमोर तर श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. म्हणून सित्तना त्यांना पहाटेच दवाखान्यामागं शेळ्यांच्या कुंपणाआड न्यायची. मातीच्या सुरईतून सुंठ घातलेली कडक कॉफी तीन कप पाजायची, खळखळून चूळ भरायला लावायची, पाठीवर थापा मारायची आणि बाईला घाम फुटला की डबी पुढं करायची. मग ओशेक, आमचा प्रयोगशाळावाला, तो पिवळा घट्ट ऐवज काचेवर फासून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. त्यात टीबीचे जंतू दिसले की गोळ्या सुरू. सगळंच मागासलेलं काम होतं.

मग एक दिवस खार्तूमच्या जीपमधून प्रगती उतरली.

प्रगती चहाच्या पेटीएवढी होती. बेडक्यात औषध मिसळायचं, ते एका बंद डबीत भरायचं, डबी यंत्रात सरकवायची, की दोन तासांत टीबी आहे का नाही ते पडद्यावर लिहून येणार. यंत्राला उकाडा सोसत नव्हता, म्हणून ते दाक्तर मुअतसिमच्या खोलीत ठेवलं. थंड हवेचं मशीन तेवढ्याच खोलीत होतं. आजवर त्यातली हवा एकटे दाक्तर खात होते.

खार्तूमच्या साहेबांनी दोन दिवस शिकवलं. दीड दिवस यंत्राबद्दल, अर्धा दिवस जेवण. बेडका कसा काढायचा याबद्दल भिंतीला एक चित्र लावलं. चित्रातली बाई डबीत खोकत होती आणि हसत होती. तेव्हाच आमच्या ध्यानात यायला हवं होतं.

खोकायला हवेशीर जागा पाहिजे म्हणून साहेबांनी पुढच्या अंगणात पत्र्याची शेड उभी केली. समोर बाभळीखाली बाक. बाकावर आमचे पुरुष सकाळपासून कॉफी पीत बसलेले. हवा खेळत होती आणि पुरुष बघत होते.

"हाज्जा, आजपासून डब्यांना हात लावायचा नाही," दाक्तर सित्तनाला म्हणाले. "संसर्ग होतो."

"बावीस वर्सं झाला न्हाई, दाक्तर."

"आता यंत्राला सगळं कळतं. तुम्ही अंगण झाडा."

"आन् कॉफी?"

"कॉफी नियमात बसत नाही."

तिनं झाडू उचलला.

बायका शेडमध्ये यायच्या, अंगभर गुंडाळलेला तोब डोक्यावरून आणखी पुढं ओढायच्या, पत्र्याकडं तोंड करायच्या आणि डबीत हळूच, अदबीनं थुंकायच्या. यंत्र त्या थुंकीला दोन तास उलटंपालटं करायचं आणि सांगायचं, टीबी नाही. तीन महिन्यांत आमच्या गावातल्या एकाही बाईला टीबी निघाला नाही. खार्तूमहून अभिनंदनाचं पत्र आलं. दाक्तरांनी ते चौकटीत घालून यंत्राच्या वर टांगलं.

या निरोगी बायकांत एक शामा होती. विशीतली पोर, मांडीवर सात महिन्यांचं लेकरू. नवरा पोर्ट सुदानला बंदरावर हमाल. खोकून खोकून तिचं दूध आटत चाललं होतं, तोबच्या काठाला रक्ताचे डाग दिसत होते. यंत्रानं तिला तीनदा तपासलं आणि तीनदा निरोगी ठरवलं. पडद्यावर 'आहे' उमटल्याशिवाय गोळ्यांचं कपाट उघडत नसे. तिला मिळालं खोकल्याचं गोड औषध.

तिचा सासरा ओहाज बाकावर मांडीवर तलवार घेऊन बसलेला. "यंत्र काय खोटं बोलंल व्हय? हिला म्हायेरी जायाचंय. सोंग हाय समदं."

सित्तनानं त्याच्या चपलांवर धूळ झाडली. "सोंगात रगत पडतंय का रं ओहाज?"

"जास्वंदीचा लाल चा प्याली आसंल."

सित्तना तडक ओशेककडं गेली. "तिचं आजून एकदा घाल."

"न्हाई जमत, खाला. एका मानसाला तीनच. चौथी टाकली की दाक्तर माझं कातडं सोलतोय."

"त्या घरात आजून कुनाचं ऱ्हायलंय?"

ओशेकनं वही चाळली. "सासऱ्याचं. खोकणाऱ्याच्या घरच्यांचं एकेकदा बघायचं आसतंय."

"मग सासऱ्याचं बघू की."

दुसऱ्या दिवशी पहाटे कुंपणाआड कॉफी उकळली. शामा दोन कपांनंतरही तोंडावर तोब धरून बसली होती. सित्तनानं तिच्या पाठीत सणसणीत थाप घातली.

"काड, पोरी. हितं कोन न्हाई. सासरा झोपलाय, दाक्तर झोपलाय, सरकार तर कवाचंच झोपलंय. काड!"

पोर वाकली आणि अशी खोकली, की शेळ्या कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला पळाल्या. डबीत पडलं ते पिवळं, घट्ट, लाल रेघांचं. ओशेकनं वर नाव लिहिलं: ओहाज.

दुपारी दाक्तर कागद घेऊन स्वतः बाकापाशी आले. "ओहाज, तुम्हाला टीबी आहे. भरपूर आहे."

ओहाजच्या हातातला कप पडला. आयुष्यात कधी न खोकलेला माणूस तिथल्या तिथं खोकायला लागला. बाकावरचे सोबती उठून चार हात लांब गेले.

मग दाक्तरांच्या खोलीत दार लावून सित्तनानं दाक्तरांना आणि ओहाजला आपण काय केलं ते सांगितलं. दाक्तरांनी घाम पुसला, थंड हवेतसुद्धा.

"म्हणजे तिचे आधीचे तिन्ही निकाल चुकीचे?"

"यंत्र खरं बोललं, दाक्तर. थुंकी दिली, त्यानं थुंकीचं सांगितलं."

दाक्तरांनी चौकटीकडं पाहिलं. शामाचं नाव लिहायचं तर आधीच्या तीन तपासण्या कशा चुकल्या ते लिहावं लागणार. मग बाकीच्या बायकांचं काय, हे कुणीतरी विचारणार. त्यांनी कपाट उघडलं.

"औषध ओहाजच्या नावावरच राहील. गोळ्या तिला द्या."

"माझ्या नावावर?" ओहाज उसळला. "गावात माझी काय इज्जत ऱ्हाईल?"

"मग औषदाला तिला सा म्हयनं म्हायेरी धाडतो म्हन," सित्तना म्हणाली. "ज्वारीचा घाटा तू हाट, शेळ्या तू राख, लेकरू बी तूच खेळीव."

ओहाजनं अंगठा उठवला.

सहा महिने रोज सकाळी ओहाज गोळ्यांसाठी यायचा आणि शामा पडद्याआड त्या गिळायची. बिचाऱ्याला टीबी झाला म्हणून शेजारी त्याच्यासाठी शेळीचं दूध, कलेजी पाठवायचे. सित्तना संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन ते शामाला नजरेसमोर पाजायची, चारायची. तरी ओहाजनं आपला वाटा मारलाच. कार्डावर त्याचं वजन चार किलोंनी वाढलेलं आहे. औषधाचा गुण, दुसरं काय.

त्या वर्षी आणखी अकरा बायका कुंपणाआड खोकल्या आणि त्यांच्या अकरा दिरांना, नवऱ्यांना टीबी निघाला. खार्तूमची समिती येऊन बसली. आमचे पुरुष फार दाटीवाटीनं कॉफी पितात, असा तिनं निष्कर्ष काढला.

शामा आता लेकरू कमरेला आणि पाण्याचा डबा डोक्यावर घेऊन डोंगराचा चढ चढते. मध्ये थांबत नाही. ओहाजच्या कार्डावर 'बरा झाला' असा शिक्का आहे. शामाच्या कार्डावर तसला शिक्का मारायला जागा नाही. ती मुळात आजारीच नव्हती.