चार बोटं वाढलेली मुलं

फ्रॉकची खालची दुमड अर्धी उसवून झाली होती. उरलेल्या अर्ध्या भागात कात्रीचं टोक अलगद घालून मापाच्या काकू एकेक टाका उचलत होत्या. ज्या नातीसाठी हा खटाटोप चालला होता ती भिंगरी घरभर गरगर फिरत होती आणि दर फेरीला विचारत होती, "आजी, झालं का गं?"

"झालं असतं तर तुझ्या अंगावर दिसलं नसतं का? थांब जरा दम धरून."

भिंगरीला दम कसा निघणार? ती कालच मोठी झाली होती. निदान तिचं म्हणणं तसं होतं, आणि ते खोडायची काकूंची सोय नव्हती, कारण तिला मोठं ठरवलं होतं ते खुद्द काकूंनीच.

काकूंची नोकरी गावाबाहेरच्या पार्कमध्ये, सुरवंटापाशी. सुरवंट म्हणजे हिरव्या डब्यांची छोटीशी गाडी. रुळांवरून कटकट करत चढते, माथ्यावरच्या लाकडी सफरचंदाला वळसा घालते आणि पोटात गोळा येईल इतपत खाली घसरते. तिच्यात बसलं की पोरांना स्वर्ग दोन बोटं उरतो. पण बसायला उंची लागते. गाडीच्या फाटकाशी एक लाकडी जिराफ उभा आहे, त्याच्या छातीवर लाल पट्टा. डोकं पट्ट्याला टेकलं तर आत, नाही टेकलं तर परत. उंची कमी असली की मांडीवरचा दांडा नीट बसत नाही आणि मूल पुढे घसरतं. म्हणून पट्ट्याशी काकू उभ्या. सगळं पार्क त्यांना मापाच्या काकू म्हणतं.

खरं तर काकू तिथे गेल्या होत्या त्या शिवणकामाला. लाकडी घोड्यांच्या चक्रावरची खोगिरं फाटली होती, ती त्यांनी शिवून दिली. तेव्हा एका घोड्यासाठी अडून बसलेल्या पोराला त्यांनी दोन शब्दांत गप्प केलेलं मॅनेजरबाईंनी पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "काकू, उद्यापासून जिराफापाशी या. तिथे रोज रडारड असते." काकूंनी देवापुढे हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी हजर झाल्या.

मुलाला 'तू बुटका आहेस' असं काकू कधी म्हणायच्या नाहीत. खाली वाकून कानात सांगायच्या, "सुरवंट अजून लहान आहे रे. तुझ्यासारखा दणकट गडी बसला तर दमेल बिचारा. जरा मोठा होऊ दे त्याला." मग ते पोर सुरवंटाचीच कीव करत निघून जायचं. पुढे कुठे जायचं तेही काकूच सांगायच्या. भित्र्या पोरांना लाकडी घोडे, पण आतल्या रांगेतले, बाहेरचे जास्त जोरात फिरतात. रडून थकलेल्यांना बदकांच्या होड्या. आवाज काढायची हौस असेल त्यांना आगगाडी, कारण बोगद्यात ओरडायला कुणी मना करत नाही. आई-बाबा भांडत आले असतील तर अख्ख्या कुटुंबाला आरसेमहाल. तिथे बाबांचं पोट पाहून आई हसते आणि आईचं नाक पाहून बाबा. आणि उंच पाळणा फक्त आजी-आजोबांबरोबर, म्हणजे सगळेच डोळे मिटून घेतात आणि कुणाला कुणाची लाज वाटत नाही.

एवढं करूनही रोज चार-दोन पोरं हमखास रडायचीच. काल मात्र नवलच घडलं. बहुतेक सगळी मुलं पट्ट्याला टेकली. "यंदा पोरं चांगली वाढलीत हो!" असं काकूंनी गाडीच्या फिटरला दोनदा बोलून दाखवलं. दुपारी भिंगरी आली, तीही टेकली. काकूंनी स्वतः दांडा ओढून तिला बसवलं आणि तिची आरोळी सफरचंदावरून खाली आली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. इतका सुखाचा दिवस त्या नोकरीत आला नव्हता.

आज काकूंची सुट्टी होती आणि वाढलेल्या नातीचा फ्रॉक लांब करायचा होता.

"ये, खांद्यापासून माप घेते."

"खांद्यापासून नको, आख्खी मोज! आई घरी आली की तिला सांगायचंय."

काकूंनी तिला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर पट्टी आडवी धरली आणि टेप सोडली. आकडा बघितला. चष्मा पुसला, पुन्हा बघितला. पट्ट्याचा आकडा काकूंना तोंडपाठ होता, आणि टेपवरचा आकडा त्याच्या चांगला चार बोटं खाली होता.

"टाचा वर केल्या होत्यास का गं काल?"

"नाही! तूच म्हणालीस ना, टाचा टेकव म्हणून?"

आजोबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तुझी टेप आटली असेल. धुतलीस का परवा?"

"अहो, चेष्टा पुरे." काकूंनी टेप गळ्यात टाकली. परवा पार्क बंद होतं. सुरवंटापुढच्या मोकळ्या जागेत त्या दिवशी नव्या फरशा बसल्या होत्या, पिवळ्याधमक, छान. काल सकाळी गाडीच्या फलाटाची पहिली पायरी चढताना गुडघा कुरकुरला नव्हता. देवा, तुझी कृपा, असं काकू मनात म्हणाल्यासुद्धा होत्या. आणि जिराफ काल जरा वेगळाच दिसत होता. काय वेगळं, ते तेव्हा कळलं नव्हतं. आता कळलं. त्याचे काळे खूर दिसत नव्हते. गवंड्यांनी जिराफ न हलवता त्याच्या पायांभोवतीच फरशा बसवल्या होत्या. सिमेंट आणि फरशी मिळून चार बोटांचा थर. जिराफ जुन्या जमिनीवर, पोरं नव्या फरशीवर. पोरं वाढली नव्हती, जमीन वाढली होती.

"अहो, मी काल लहान लहान मुलं बसवली त्यात," काकू म्हणाल्या. "आणि आज रविवार. आज तर रीघ लागली असेल."

आजोबांनी पेपर बाजूला ठेवला. फिटरला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. गाडी चालू असताना फोन पेटीत ठेवायचा, असा नियम होता आणि फिटर नियमाचा पक्का. पार्कच्या ऑफिसचा फोन लागेचना.

"तुम्ही लावत राहा. मी जाते."

"मी पण!" भिंगरी चपला घालून दारात उभी होती. तिला एकटीला आजोबांच्या भरवशावर सोडायचं तर आजोबा फोन करणार की तिच्यामागे धावणार? काकूंनी तिचा हात धरला आणि निघाल्या. टेप गळ्यातच राहिली.

बसमध्ये काकू नामस्मरण करत होत्या, पण नाम आणि पोरांचे चेहरे यांची सरमिसळ होत होती. तो दात पडलेला मुलगा. त्या दोन जुळ्या बहिणी, एकसारख्या टोप्या घातलेल्या. सगळे खाली उतरताना त्यांनी पाहिले होते, सगळे हसत होते. पण ती कालची गोष्ट. देवाने काल सांभाळलं म्हणून आजही त्याच्यावरच भार टाकायचा का?

"आजी, हात दुखतोय," भिंगरी म्हणाली. काकूंनी मूठ सैल केली.

पार्कच्या फाटकातून काकू अक्षरशः धावत आत गेल्या. घोडे फिरत होते, आगगाडीने शिटी दिली. सुरवंटापुढे रांग लागली होती आणि जिराफापाशी, काकूंच्या जागी, तिकीट खिडकीवरच्या ताई उभ्या होत्या.

"अगं काकू! सुट्टीच्या दिवशी? करमत नाही वाटतं घरी!"

"ताई, कुणाला सोडू नकोस आत! फिटर, गाडी थांबव!"

फिटर बटणांच्या खोक्याशी होता. त्याने एकदा काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा रुळांकडे. गाडी चढणीवर होती. "आत्ता थांबवली तर मधेच लटकतील, काकू. उतरवायला शिडी लावावी लागेल, पोरं घाबरतील. ही फेरी पुरी होऊ द्या. झालंय काय?"

काकूंनी जिराफाच्या पायांकडे बोट दाखवलं. फिटरने पाहिलं आणि त्याचाही रंग उडाला.

पहिल्या डब्यात बापाशेजारी एक एवढंसं पोर बसलं होतं. दांड्यावरून त्याचं नाक तेवढं दिसत होतं. गाडी सफरचंदाशी पोचली. काकूंनी हात जोडले, पण डोळे मिटले नाहीत. मी बसवलं असतं तर मीही असंच बसवलं असतं, तेव्हा बघायचंही मीच, असं त्यांना वाटलं. गाडी वळली. क्षणभर माथ्यावर थबकल्यासारखी झाली आणि सुटली. सगळे किंचाळले. पोराचं नाकही दिसेनासं झालं.

"देवा," काकू म्हणाल्या. पुढचे शब्द आठवेनात.

गाडी फलाटाला लागली. फिटरने उडी मारून पहिला दांडा उचलला. ते पोर सीटवरून घसरून पार खाली, डब्याच्या तळाशी बसलं होतं. बापाने त्याची कॉलर घट्ट मुठीत धरली होती आणि बापाचाच चेहरा पांढराफटक पडला होता.

पोराने वर पाहिलं आणि विचारलं, "परत जायचं?"

काकूंनी त्याला उचललं. चाचपलं. डोकं, हात, गुडघे. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. मग त्या पायरीवर बसल्या आणि पोटभर रडल्या. पोर गोंधळून त्यांच्या मांडीवर बसून राहिलं. बाप म्हणाला, "अहो बाई, रडायला तर मला पाहिजे!" आणि तोही हसता हसता डोळे पुसू लागला.

फिटरने सुरवंटाच्या फाटकाला साखळी लावली. मॅनेजरबाई आल्या. काकूंनी गळ्यातली टेप काढून त्यांच्यासमोर फरशीपासून पट्ट्यापर्यंत धरली. बाईंनी आकडा वाचला आणि वाकून जिराफाच्या पायांभोवतीच्या फरशीवर हात फिरवला.

"काल मीच येऊन म्हटलं होतं, फरशी काय सुरेख दिसते," त्या म्हणाल्या. "खुरांकडे माझंही लक्ष गेलं नाही."

"कालची मुलं, बाई..."

"काल कुणाला लागलं असतं तर आई-बापांनी संध्याकाळीच माझं ऑफिस डोक्यावर घेतलं असतं. एकही तक्रार नाही, काकू. एकही नाही. मी आज सकाळीच तक्रारींची पेटी उघडली. आरसेमहालातल्या आरशात जाड दिसतो, एवढी एकच आहे."

काकूंनी पदराने तोंड पुसलं.

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. पलीकडून आजोबा विजयी आवाजात ओरडले, "लागला गं! ऑफिसचा फोन लागला! काय सांगू त्यांना?"

"सांगा, काकू पोचल्या," काकू म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना.

रांगेतल्या लोकांना बाईंनी आगगाडीकडे वळवलं. फिटरने जिराफाच्या छातीवर, जुन्या पट्ट्याच्या वर, टेपने मोजून खडूची रेघ ओढली. जिराफ उपटायचा तर नव्या फरशा फोडाव्या लागणार, त्यापेक्षा पट्टाच वर न्यायचा, असं ठरलं. रेघ काढून झाली आणि भिंगरी पुढे आली. टाचा टेकवून, मान ताठ करून उभी राहिली. रेघ तिच्या डोक्याच्या चांगली चार बोटं वर होती.

काकू सवयीने वाकल्या. "सुरवंट अजून लहान आहे गं, तू बसलीस तर..."

"आजी! ते तू सगळ्यांना सांगतेस. काल तर दमला नाही तो."

फिटर तोंड फिरवून हसला.

"म्हणजे काल मी मोठी होते," भिंगरी म्हणाली, तिचा ओठ थरथरू लागला होता, "आणि आज परत लहान झाले?"

"नाही गं राणी. कालही तू लहानच होतीस. मीच चुकले."

"मग मी बसले ते?"

"बसलीस ते बसलीस. ते कोण काढून घेणार?"

भिंगरीने यावर विचार केला. अन्याय तर झाला होता, पण पूर्ण नाही. "त्या छोट्या मुलालाही आता बसता येणार नाही ना?"

"तोही नाही."

"मग चालेल," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पण बदकं दोनदा."

काकू तिच्याबरोबर बदकाच्या होडीत बसल्या. होडी इतकी संथ होती, की पाण्यावरची पानं तिच्यापुढे निघून जात होती. भिंगरी वल्हं मारत होती की पाणी उडवत होती, देव जाणे. पदर भिजला तरी काकू रागावल्या नाहीत. त्या काठाकडे बघत होत्या. काठावर तो एवढासा मुलगा बापाच्या खांद्यावर बसून त्यांना हात करत होता, आणि काकूंना एकाएकी कडकडून भूक लागली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, हेही आत्ता कळत होतं.

दुसऱ्या फेरीनंतर फिटर काठाशी येऊन उभा राहिला. "काकू, बाई म्हणतात, पट्टा रंगवल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. आणि लाल रंग आपल्याकडे संपलाय. मला जागा सोडता येत नाही."

"पक्का लाल पाहिजे ना? पाण्याने न जाणारा?"

"हो. छोटा डबा पुरे. आणि एक ब्रश."

काकूंनी भिंगरीला होडीतून उतरवलं, पदर पिळला आणि तिचा हात धरून रंगाच्या दुकानाकडे निघाल्या.