क्षारकाकांचा घरगुती समुद्र

"घागर खाली ठेव! ठेव म्हणतोय ना बापू! अरे, जीव घ्यायलास तू!"

दारात क्षारकाका. खांद्याला पिशवी, भुवयांवर नांदेडच्या एसटीची धूळ, आणि आवाज असा की गंजगोलाईच्या बाजारातले तराजू हलले असतील. मी त्यांच्या हॉलमध्ये स्टुलावर उभा, हातात आमची तांब्याची घागर. ती अर्धी त्यांच्या फिशटँकमध्ये रिकामी झालेली.

क्षारकाका आमचे शेजारी, मूळचे लातूरजवळच्या मुरुडचे. लातूर जिल्हा नवानवा झाला तेव्हा ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवायला लागले, ते रिटायर होईपर्यंत धूतच राहिले. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, म्हणून घरातच करून घेतला होता. काचेच्या पेटीत खारं पाणी, त्यात जांभळी-हिरवी प्रवाळं, दोन नारिंगी मासे आणि एक तांबडा-पांढरा झिंगा. झिंगा दिवसभर दगडावर बसून असायचा आणि जवळ आलेल्या माशाच्या अंगावरचं काहीतरी काढून घेतल्याशिवाय त्याला सोडायचा नाही. त्याचं नाव काकांनी तहसीलदार ठेवलं होतं.

पेटीची तपासणी झाल्याशिवाय काका चहा प्यायचे नाहीत. नळीत पेटीतलं पाणी घ्यायचं, थेंब मोजत औषध सोडायचं, रंग पालटला की भिंतीवर खडूने आकडा लिहायचा. कॅल्शियम इतकं, क्षारता इतकी. "ह्या दोघी जावा हायत," ते सांगायचे. "दोघींना एकदम वाढलं की भांडत्यात, फाटल्या दुधावानी पाणी करत्यात. एकीला सकाळी वाढायचं, एकीला सांजच्याला." या माणसाने स्वतःच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी कलशातल्या पाण्याचा सामू काढला होता, असं मी गल्लीत सांगायचो. काकूंनी ते कधी नाकारलं नाही.

मग तो दुष्काळ आला. शहराला रेल्वेने पाणी येत होतं, आणि ऊन असं की आमच्या गल्लीतल्या सावल्यासुद्धा दुपारी घरात येऊन बसायच्या. पेटीतलं पाणी रोज चार बोटं उतरायचं. "वरून थोडं मीठ टाकू का?" मी शहाणपणाने विचारलं.

"पाणी उडतंय बापू, मीठ कुठं उडतंय? ते तितंच बसून हाय. गोडं पाणीच घालायचं."

आता गोडं पाणी आणायचं कुठून? काकांनी ते आपल्या आंघोळीतून काढलं. वाट्याला आलेल्या पाण्यातली आपली बादली ते आरओमधून गाळून पेटीला द्यायचे आणि आरओने सोडलेलं पाणी काकूंच्या भांड्यांना. "माणसाच्या तोंडचं न्हाई द्यायचं," ते म्हणायचे. "माझं अंग माझं हाय."

अशात काका-काकूंना लेकीकडे नांदेडला दोन दिवस जावं लागलं. गाळलेल्या पाण्याचा प्लास्टिकचा कॅन माझ्या हवाली करून ते गेले. उन्हाने तो कॅन दीड दिवसात पिऊन टाकला. मी घाबरलो आणि आमच्या घरातलं सगळ्यात चांगलं पाणी घेऊन धावलो. आईने चिंचेनं घासून सोन्यासारखी केलेली घागर, त्यात रात्रभर ठेवलेलं, पाहुण्यांसाठी राखलेलं पाणी. देवाला चालतं ते झिंग्याला का चालू नये?

"तांबं!" काका खुर्चीत बसले. "माणसाला बरं असतंय रे. झिंग्याला जहर हाय, जहर. आधी तहसीलदार जाईल, मग एकेक प्रवाळ."

पेटीतलं पाणी बदलणं हाच उपाय होता, आणि त्याला लागणार होत्या चार घागरी. बातमी गल्लीत फिरली. आई तर रडत एक हंडा घेऊन आली. काकांनी तो हात जोडून परत पाठवला. "वहिनी, तुमच्या घरात लहान लेकरू हाय. माझी बादली हाय ना, तिच्यावर भागवतो."

आंघोळ तर बंदच होती, आता अंगावर ओला पंचा फिरवायला लागणारं वाटीभर पाणीही त्यांनी वाचवलं. गाळून, मीठ मिसळून पाणी बादली-बादलीने बदलत राहिलं. काकूंनी आपली खुर्ची वाऱ्याच्या वरच्या अंगाला हलवली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन माशा परत फिरायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दूधवाला लांबूनच विचारायचा, "तहसीलदार हायत का?"

"हायत," मी सांगायचो, आणि आत जाऊन पुन्हा एकदा पेटीत पाहून यायचो.

अकराव्या सकाळी मी पेटीत पाहिलं तर तहसीलदार उताणा. पाय वर, मिशा लोंबलेल्या, आरपार पांढरा. मी असा हंबरडा फोडला की आई कणकेच्या हातांनी पळत आली. काका आले, चष्मा लावला, चिमट्याने ते प्रेत बाहेर काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. त्याला वजनच नव्हतं. आत पोकळ.

"कात हाय ही, येड्या. तो बघ मालक."

दगडाच्या फटीत तहसीलदार नव्याकोऱ्या अंगाने बसलेला होता आणि मिशा हलवत होता.

आता काका-काकू नांदेडला लेकीकडे असतात. पेटी माझ्या हॉलमध्ये आहे, भिंतीवर आकडे माझ्या अक्षरात आहेत, आणि तपासणीआधी मला चहा मिळत नाही. आईची घागर माळ्यावर आहे. पण आठवते ती तीच सकाळ. काका ती कात हातात धरून घरभर नाचत होते. "जगलं गं! समदं जगलं! पाणी बरोबर हाय!"

काकूंनी दारामागचा टॉवेल काढून त्यांच्या खांद्यावर टाकला.

"मग आता आंघोळ करा."