भोंग्याचं चोरबटण

माझ्या मित्राला सगळे भोंगा म्हणतात. गाड्यांना चोरीपासून वाचवणारे अलार्म बसवणं हा त्याचा धंदा. त्याच्या दुकानासमोर दिवसभर कुठली ना कुठली गाडी बोंबलत असते. तो स्वतः मात्र इतकं हळू बोलतो की समोरच्याला कान पुढे करावा लागतो. वहिनी म्हणतात, यांनी लग्नाचं विचारलं तेव्हा मला वाटलं पाणी मागतायत. मी पेला आणून दिला.

ही सवय धंद्यातलीच. त्याच्या मते नुसत्या अलार्मवर भरवसा नको. सराईत चोर तार तोडून त्याचं तोंड बंद करतो. म्हणून प्रत्येक गाडीत तो एक बटण लपवतो. ते दाबल्याशिवाय किल्ली कितीही फिरवा, इंजिनाला पेट्रोल पोचत नाही. चोरखिसा, चोरकप्पा, तसं हे चोरबटण. जागा दर गाडीत वेगळी. ती तो फक्त मालकाच्या कानात सांगतो. एका मालकाच्या मेहुण्याने खोदून खोदून विचारलं, तेव्हा हा म्हणाला, "विसरलो."

मागच्या महिन्यात मी दुकानात बसलो असताना एक आजी आल्या. त्यांच्या घरच्या जुन्या पांढऱ्या गाडीला अलार्म भोंग्यानेच बसवला होता. आजोबा निवृत्त फोरमन. नजर चांगली, हात स्थिर, पण हल्ली रस्ते विसरतात. भाजी आणायला म्हणून निघाले आणि त्यांच्या जुन्या कारखान्याच्या बंद फाटकासमोर संध्याकाळपर्यंत बसून राहिले. डॉक्टरांनी बजावलंय, एकटं सोडू नका. पण आजी आंघोळीला गेल्या की हे गाडी काढतात. किल्ली लपवली की घरात महाभारत.

आजींचं म्हणणं होतं, बटण अशा जागी हलव की त्यांना सापडणारच नाही. गाडी बिघडली असं समजून गप्प बसतील.

भोंग्याने हातातला पाना पुसून बाजूला ठेवला.

"आजी, मी चोरापासून गाडी वाचवतो. मालकापासून नाही."

"मग मालकाला वाचव की," आजी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं गाडी घेऊन आले. आजोबांना वाटत होतं, अलार्मची तपासणी आहे. भोंगा गाडीत उलटासुलटा होऊन काम करत होता आणि आजोबा बाहेरून सूचना देत होते. तार ताणू नकोस. टेप नीट गुंडाळ. तो प्रत्येक वेळी "हो साहेब" म्हणत होता. आजी माझ्याशेजारी बाकावर बसल्या होत्या, पदराचं टोक पिळत.

काम झालं. भोंगा हात पुसत आजोबांजवळ गेला आणि नेहमीसारखा त्यांच्या कानाशी वाकला.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. तो जागा सांगत होता. आजींचा चेहरा उतरला. या पोराने आपल्याला फसवलं, असंच त्यांना वाटलं असणार. मलाही तेच वाटलं.

आजोबांनी मान डोलावली. मग चालकाच्या जागी जाऊन बसले आणि शेजारचं दार उघडलं.

"चल, बस," ते आजींना म्हणाले.

"मी कशाला?"

"मी किल्ली फिरवायची, तेव्हा तू बटण दाबून धरायचं. माझा हात तिथे पोचत नाही. नवीन पद्धत आहे म्हणे."

आजी बसल्या. आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं, आमच्याकडे पाठ केली आणि जागा त्यांच्या कानात सांगितली. आजी खाली वाकल्या. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

आजींना गाडी चालवता येत नाही. पण शहरातला बोळ न् बोळ त्यांना पाठ आहे. हे भोंग्याने आदल्या दिवशी बोलता बोलता विचारून घेतलं होतं. मला तेव्हा वाटलं, वेळ काढतोय.

बटण कुठे बसवलं, मी विचारलं.

"विसरलो," तो म्हणाला आणि हत्यारं आवरायला लागला.

गाडी कोपऱ्यावर जाऊन थांबली. उजवीकडचा दिवा लुकलुकू लागला. मग आजींचा हात काचेमागे हलला आणि दिवा डावीकडे लागला.

गाडी डावीकडे वळली.