इवायाला हरवायचं नसतं

मुलीच्या बापानं इवायाबरोबर एक वेळ तमाशाला जावं, पण गोल्फ खेळायला जाऊ नये. हे शहाणपण मला तीन मैदानं पालथी घातल्यावर आलं. एवढी अक्कल वेळेवर आली असती तर मी फौजेतून सुभेदार म्हणून थोडाच निवृत्त झालो असतो? आणखी वर नसतो का गेलो!

गोल्फ मला फौजेतच चिकटला. एका छावणीत मैदानाची देखभाल माझ्याकडं होती. साहेब लोक खेळून गेले की दुपारभर मैदान माझं. शिकवायला कोणी नाही, त्यामुळं माझ्या फटक्यात थोडं गवत कापणं आहे आणि थोडं कुदळ मारणं. उंब्रजला घरी परतलो तेव्हा ट्रंकेतून दोन काठ्या निघाल्या. बायको म्हणाली, "इतकी वर्सं नोकरी करून ह्ये आणलं व्हय?"

इवाई, म्हणजे माझ्या मुलीचे सासरे, तासगावचे. द्राक्षबाग आणि बेदाण्याचा व्यापार. माल परदेशी जायला लागला तसे पुण्याच्या बड्या लोकांत उठबस करता करता ते गोल्फ शिकले. लग्नाच्या बैठकीत त्यांनी ते सांगितलं आणि मी टुणकन उडी मारून "मी बी खेळतो!" म्हणालो. मग मानपानाची बोलणी राहिली बाजूला. आम्ही दोघं भर बैठकीत हवेत हात फिरवत बसलो आणि बाकीची मंडळी चहा पीत आमच्याकडं बघत बसली.

मुलगी जनावरांची डॉक्टर. नोकरी आटपाडीकडच्या दवाखान्यात. शेळ्यामेंढ्यांची औषधं, लसी, कुणाची गाय अडली तर अवेळी धावायचं. लग्नाआधी सासरी त्याचं लय कौतुक होतं. दोन वर्षांत कौतुक आटलं आणि "आता पुरे की, घरात काय कमी हाय?" सुरू झालं. जावईबापू ऐकून गप्प बसायचे. एका संध्याकाळी पोरगी रजा टाकून बॅगेसकट दारात उभी राहिली. "चार दिवस राहते," म्हणाली. त्या चार दिवसांचे दोन महिने झाले. नवऱ्याचा फोन आला की ती नुसती स्क्रीनकडं बघायची. तिचा संसार मोडतो की काय, ही धास्ती सगळ्यांनाच होती, पण तोंड उघडायची हिंमत घरात कुणाचीच नव्हती.

"आवं, इवायास्नी फोन करा. काय ते बोला एकदाचं," बायको मागं लागली. मी फोन लावला, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणालो, "पाव्हणं, गोल्फ खेळाय जायाचं का?"

"कवा?" ते इतक्या झटक्यात म्हणाले की फोन हातातच धरून बसले असावेत.

तीन दिवस, तीन मैदानं असं ठरलं. शेवटचं आटपाडीचं मी मुद्दाम घेतलं. पोरगी कुठल्या मुलखात राबते ते इवायांनी डोळ्यांनी बघावं, मग विषय आपोआप निघेल. बेत झकास होता. फक्त बोलायचं कुणी, एवढंच ठरायचं राहिलं.

पहिलं मैदान महाबळेश्वरच्या बाजूला, डोंगरात. गवत असं की चपला हातात घेऊन चालावंसं वाटलं. धुकं इतकं की मारलेला फटका चांगला की वाईट हे कळायची सोय नाही, आणि माझ्यासारख्याला ती मोठीच सवलत. मी मनात पक्कं केलं होतं, इवायाला हरवायचं नाही. आपली मुलीकडची बाजू, वर पोरगी घरात बसलेली. मैदानात त्यांची मान खाली गेली तर बोलणी कशी व्हायची? गोल्फात ज्याचे फटके कमी तो जिंकतो, म्हणजे मला फक्त जास्त फटके मारायचे होते. ते मला उपजतच जमतं. तरीही संध्याकाळी बघतो तर आमची बरोबरी! इवाई माझ्याइतकेच वाईट खेळले होते. माझा एक चेंडू माकडानं पळवला, तेवढाच काय तो फरक.

दुसरं मैदान सांगलीजवळ, कृष्णेच्या काठी, एका साखर कारखान्याच्या वसाहतीत. तळहातासारखं सपाट, मळीचा वास, आणि कडेनं ऊसच ऊस. चहा मात्र फर्मास. हरायचं म्हणून मी चेंडू उसात घातला. इवायांनीही त्याच उसात घातला. आम्ही मैदानात कमी आणि उसात जास्त वेळ खेळलो. पाल्यानं हात ओरबाडले. सरीत दोघं अगदी समोरासमोर आलो. मी म्हटलं, हीच वेळ.

"पाव्हणं…"

"बोला की."

"यंदा ऊस बरा हाय."

"व्हय. लय बरा हाय," ते म्हणाले आणि पुन्हा वाकून चेंडू शोधायला लागले. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

तिसरं आटपाडीचं. माजी सैनिकांनी माळावर हौसेनं केलेलं. गवताची काडी नाही. भोकाभोवती वाऱ्यानं उडू नये म्हणून तेल पाजलेली वाळू फळीनं सारखी केलेली, बाकी बाभळी आणि वारा. चेंडू एकदा सुटला की थांबायचं नाव घेत नाही. खरं सांगतो, तिन्हीत मला हेच आवडलं. डोंगरातलं मैदान फोटोला, कारखान्याचं चहाला, आणि खेळायला हे.

तर शेवटचं भोक. दोघांचेही चेंडू वीतभर अंतरावर. लहान पोरानं ढकलला तरी आत जाईल. मी नेम धरला आणि डावीकडून घालवला. इवायांनी नेम धरला आणि उजवीकडून घालवला. मी पुन्हा चुकवला. त्यांनीही चुकवला. असं किती वेळ चाललं कोण जाणे. मान उचलून बघतो तर मेंढरांचा कळप थांबलेला आणि एक म्हातारा मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून आमच्याकडं बघतोय.

"आवं, त्यो चेंडू भोकात घालायचा हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"मग बाजूनं का घालवतासा?"

आम्ही दोघं आपापल्या काठ्या पुसायला लागलो. त्यानं गाव विचारलं. मी उंब्रज सांगितलं.

"आमच्या डाक्टरीणबाई बी तिकडच्याच. दोन म्हैनं झालं, दिसल्या न्हाईत. कवा येनार, काय ठावं हाय का?"

मी इवायांकडं बघितलं नाही. म्हातारा मेंढरं हाकत निघून गेला.

इवाई तिथंच वाळूत बसले. "पाव्हणं, तीन दिस झालं तुमी मुद्दाम हरताय."

"आन् तुमी?"

"मी बी. आमचंच चुकलंय, मग जिकायचं कुठल्या तोंडानं?" त्यांनी टोपी काढली. "सून नोकरी सोडनार न्हाई. मी घरात सांगतो. तिला म्हणावं, ये."

मला भरून आलं. डोळे दिसू नयेत म्हणून मी खाली बघत दोन्ही चेंडू बुटानं भोकात ढकलले.

घरी आलो तो गड जिंकल्याच्या तोऱ्यात. पोरगी मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"हे मामंजी म्हणाले. आणि हे काय म्हणाले?" म्हणजे तिचा नवरा.

"त्यास्नी गोल्फ येत न्हाई," मी म्हणालो. हे वाक्य तोंडातून गेल्यावर बायकोनं कपाळावर हात मारला.

"अण्णा, तीन मैदानं फिरलात तुम्ही. ज्यानं बोलायचं तो तासगावात आणि जिला विचारायचं ती इथं."

मी गपगुमान इवायांना फोन लावला आणि या वेळी ऊसपाणी न काढता एवढंच म्हणालो, "पोराला पाठवा."

रविवारी जावईबापू मोटरसायकलवर एकटेच आले. मी पुढच्या सोप्यातच सुरू झालो. या, बसा, रस्ता कसा होता, बाग काय म्हणते. पोरगी म्हणाली, "अण्णा, तुमची काठी घ्या आणि मळ्यात जाऊन या जरा."

गेलो. हरवायला कुणी नव्हतं आणि हरायलाही कुणी नव्हतं. एक फटका असा बसला की जन्मात बसला नव्हता, आणि चेंडू सरळ उसात. शोधायला आत शिरलो. लगेच सापडला. खिशात घातला आणि तरीही शोधत राहिलो, कारण घराकडं जायचं धाडस होत नव्हतं. आत काय चाललं असेल? उन्हं उतरली.

"अण्णा!" बांधावर ती उभी होती, खांद्याला बॅग. "निघते. उद्या दवाखान्यात रुजू व्हायचंय. हे सोडायला येतायत."

मला रडू फुटलं, ते काही केल्या आवरेना.

"चेंडू सापडला का?" तिनं विचारलं.

"न्हाई अजून."

खिसा फुगलेला तिला दिसत होता. तिनं माझा हात धरून मला बांधावर ओढून घेतलं. फाटकापर्यंत तिनं तो सोडला नाही, आणि मीही.