काबूलचा जबरखान आमच्या मुखेडचा होता

गेल्या रविवारी मी माझ्या वारलेल्या बापाला चार वेळा हरताना बघितलं.

आज अप्पांना जाऊन वर्ष झालं.

मुखेडात लग्नाच्या शूटिंगची कामं घेणारे एक काका आहेत. जुना स्टुडिओ आवरताना त्यांना एक कॅसेट सापडली. पेनड्राइव्हवर घालून त्यांनी ती आईकडे दिली. "तुमच्या मालकाची कुस्ती हाय," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, मातीतली कुस्ती असेल. अप्पा तरुणपणी तालमीतले पैलवान होते, हे घरात सगळ्यांना माहीत. मोडलेला कान, जाड मान. पुढे आयुष्यभर बी-बियाण्यांचं दुकान.

मी नांदेडहून गेले. दुपारी जेवणं झाल्यावर आईला शेजारी बसवलं आणि टीव्हीला पेनड्राइव्ह लावला.

माती नव्हतीच.

लातूरचं कुठलंतरी मैदान, माझ्या जन्माच्याही आधीचं. हॅलोजन. दोरांची रिंग. आणि माइकवर एकजण बोंबलतोय, "खास काबूलहून आलेला, बेरहम, जबरखाऽऽन!"

दोराखालून वाकून आत आले ते अप्पा.
वीतभर दाढी. अंगात काळं जाकीट.

आईनं तोंडावर हात ठेवला.
"अगं माय! म्हणून दाढी वाढवली व्हती व्हय! मला म्हणले, नवस हाय."

ज्यांनी ते फ्रीस्टाइलचे शो बघितले नसतील त्यांना सांगते. तिथं निकाल आधीच ठरलेला असायचा. एक चांगला, एक वाईट. पब्लिकनं वाइटाला शिव्या घालायच्या आणि तो पडला की शिट्ट्या मारायच्या.

आमचे अप्पा वाईट होते.

पहिली कुस्ती. पंचाची पाठ वळली की समोरच्याच्या डोळ्यांत बोटं. लोकांनी चपला फेकल्या. अप्पा हरले.

दुसरीत चक्क रिंगमधून पळाले. पोरं मागं लागली, अप्पा खुर्च्यांमधून सैरावैरा. ज्या माणसाला मी कधी घाईनं रस्ता ओलांडतानाही बघितलं नाही, तो माणूस. हरले.

तिसरीत हैदराबादच्या एका अवाढव्य गड्यानं त्यांना डोक्यावर उचलून आपटलं. आई "अवं!" करून उठलीच.

हसता हसता मला राग यायला लागला.

नववीत मी चारशे मीटरला तालुक्यात दुसरी आले होते. धावत दुकानात गेले, कप दाखवला. अप्पा गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "दुसरी म्हंजे हरलीस, माय."

पुढच्या वर्षी मी शर्यतीत नाव दिलं नाही. का नाही दिलंस, असं त्यांनी विचारलंही नाही. मी परत कधी धावले नाही.

आणि हा माणूस इथं ठरवून हरत होता. वर दात दाखवून!

चौथी कुस्ती शेवटची. समोर "मराठवाड्याचा वाघ, भीमसेन". खरं नाव गफूर. देगलूरचे गफूर चाचा, अप्पांचे तालमीपासूनचे दोस्त.

या कुस्तीत अप्पा लई भारी खेळले. शेवटी चाचा खाली चीत, अप्पा वर. पंच मोजतोय. एक... दोन...

आणि अप्पांनी हात सोडले.

स्वतःच लोळले, चाचांना अंगावर ओढून घेतलं आणि पाठ टेकवून पडून राहिले. पंच गोंधळला. चाचाही गोंधळलेले दिसतात. मग पंचानं कसेबसे तीन मोजले.

मी तेवढाच तुकडा सहा वेळा बघितला. हरायचं ठरलेलंच होतं, तर पंच आणि चाचा एवढे गडबडले का?

मंगळवारी रजा टाकून देगलूर गाठलं. चाचा आता काठीशिवाय चालत नाहीत. त्यांना मोबाइलवर ती चौथी कुस्ती दाखवली. शेवटचा तुकडा परत लावायला सांगितला.

"ही कुस्ती त्यानं जिंकायची व्हती, बेटी."

"म्हणजे?"

"जबरखान लबाडीनं जिंकणार, मंग नांदेडच्या शोला मी बदला घेणार. असं ठरलेलं. यानं सगळंच उलटं केलं. शोवाल्यानं दोघालाबी हाकलून दिलं."

"पण का केलं त्यांनी?"

"म्या काय कमी विचारलं? दर ईदला विचारायचो. शिरखुर्मा खात म्हणायचा, 'गफूर, मलाबी कळलं न्हाई.'"

मग मी त्यांना कपाची गोष्ट सांगितली. दुकानातली. कधी कुणाला सांगितली नव्हती.

चाचा काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिले.

"हरून घरला जाणं कसं असतंय, त्याला म्हाईत व्हतं. तुझ्या वाट्याला नको, म्हणून बोलला असंल."

असेल.

नसेलही. चाचांना फक्त माझी समजूत घालायची असेल. परतीच्या एसटीत मी दोन्ही बाजूंनी विचार केला. मुखेड आलं तरी काही ठरेना. अप्पांवर रागावू, का त्या दाढीवाल्या जबरखानावर खूश होऊ? दोघं एकच आहेत, हेच डोक्यात बसत नाही.

आज सकाळी आई आणि मी समाधीवर गेलो. आईनं विभूती लावली, बेल वाहिला. मला वाटलं, आता डोळे पुसेल.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि जिवंत माणसाशी बोलावं तशी मोठ्यानं म्हणाली,

"अवं, सांगायचं तरी. मी आले असते की बघायला."

मी आमच्या लिंगायत रीतीनं हात जोडून नमस्कार केला. मला जे विचारायचं होतं ते तसंच घेऊन परत आले.

शरणु शरणार्थी, अप्पा.