उकळून पाजा, असं आम्हीच सांगितलं होतं

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी केबिनमध्ये एका प्रबंधाचा शेवटचा मसुदा वाचत होते. सोमवारी सबमिशन होतं. माझी सही झाली की तो बाइंडिंगला जाणार होता. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर मी थांबले आणि मागे एक्केचाळीसव्या पानावर गेले. मग पुन्हा अठ्ठ्याऐंशी.

मी दिल्लीतल्या एका विद्यापीठात शाश्वत विकासाचा एमएचा कोर्स चालवते. या कोर्सला कुठल्याही शाखेची मुलं येतात. कोणी इंजिनीअर, कोणी वकील, कोणी अर्थशास्त्राचं, कोणी समाजशास्त्राचं. पाणी, हवा, जमीन, माणसं यांचे प्रश्न एका विषयाच्या चौकटीत मावत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या विषयांच्या मुलांनी ते एकत्र सोडवायचे, ही त्यामागची कल्पना. शेवटच्या वर्षी दोघादोघांची जोडी करून आम्ही त्यांना फील्डवर पाठवतो. माहितीपत्रकात हे फार सुंदर दिसतं.

ही जोडी मुग्धा आणि रुखसारची होती. मुग्धा पुण्याची, रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली. रुखसार लखनौची, समाजशास्त्राची. गाझियाबादच्या पलीकडे एक अनधिकृत वस्ती आहे. तिथे नळ नाही, सगळे हँडपंपाचं पाणी पितात. रुखसारने घरोघरी जाऊन मुलाखती घेतल्या, मुग्धाने हँडपंपांच्या पाण्याचे नमुने लॅबमधून तपासून घेतले.

एक्केचाळीसव्या पानावर रुखसारच्या मुलाखतींचा सारांश होता. 'घर क्रमांक चौदा. दोन महिन्यांचं बाळ. आईला दूध कमी, म्हणून डब्याची पावडर पाण्यात कालवून देतात. आमचं पत्रक मिळाल्यापासून आई पाणी रोज वीस मिनिटं उकळते. जागृतीचा उत्तम परिणाम.' पाणी सहा नंबरच्या पंपाचं.

अठ्ठ्याऐंशीव्या पानावर मुग्धाचा तक्ता होता. सहा नंबरच्या पंपात नायट्रेट मर्यादेच्या तिपटीहून जास्त.

नायट्रेट म्हणजे काय ते सांगते. शेण, मैला, खत जमिनीत मुरत राहिलं की ते विहिरीच्या, पंपाच्या पाण्यात उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसाला सहसा लगेच काही होत नाही. पण अगदी तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं तर त्याचं रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. बाळ निळं पडायला लागतं. आणि उकळल्याने नायट्रेट जात नाही. जंतू मरतात, पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. म्हणजे उरलेल्या पाण्यात ते आणखी दाट होतं.

ते पत्रक मीच मंजूर केलं होतं. 'बाळाला पाणी उकळूनच द्या.' लॅबचे रिपोर्ट यायच्या आधी ते छापलं. माझं स्वतःचं शिक्षण रसायनशास्त्राचं आहे, हेही इथेच सांगून टाकते.

मी दोघींना बोलावलं.

"मुग्धा, हा रिपोर्ट कधी आला?"

"तीन आठवडे झाले, मॅडम. का? चुकलाय का?"

"रुखसारचं प्रकरण वाचलंस?"

तिने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "ते तिचं आहे ना. मी माझं लिहीत होते."

रुखसारला हिंदीत विचारलं, तिचं उत्तर तेच. तक्ते तिला कळत नाहीत म्हणून तिने ते सोडून दिले होते. मी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. मुग्धाला पाचेक सेकंद लागले. तिने तोंडावर हात ठेवला. रुखसार तिच्याकडे बघत राहिली. "क्या हुआ? कोई बताएगा?" मी सांगितलं.

"घर चौदा का नंबर है तुम्हारे पास? फोन नंबर?"

"लिस्ट में था, मैम." तिचा आवाज बारीक झाला. "लिस्ट मैंने नष्ट कर दी. आपने ही कहा था."

खरं होतं. मुलाखत देणाऱ्यांची ओळख कुणाला कळू नये म्हणून आम्ही नावांऐवजी नंबर घालतो आणि मूळ यादी फाडून टाकतो. अनधिकृत वस्तीतली माणसं याच भरवशावर बोलतात. रुखसारने नियम तंतोतंत पाळला होता. त्यामुळे आता फोन करण्याची सोय नव्हती.

मी डायरेक्टर माथुर सरांकडे गेले. सरांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढला.

"आप जाएँगी किस हैसियत से? हमने उनको लिखकर दिया है कि पहचान किसी को नहीं बताएँगे. पंप का नाम बाहर गया तो प्रशासन सील कर देगा. फिर वो लोग पिएँगे क्या? एथिक्स कमिटी को लिखिए."

"कमिटी की मीटिंग अगले महीने है, सर."

"तो फोन पे पूछ लेते हैं. सोमवार तक..."

"सर, बच्चा दो महीने का है."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "मैंने आपको रोका नहीं है." याला परवानगी म्हणायचं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. मी गाडीची किल्ली घेतली.

तासाभराचा रस्ता. त्या दिवशी पावणेदोन तास लागले. मुग्धा मागच्या सीटवर मोबाइलवर एकामागून एक लेख वाचत होती आणि मध्येच मोठ्याने म्हणत होती, "मॅडम, सगळ्याच बाळांना होत नाही. बऱ्याच बाळांना काहीच होत नाही." तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी तिला गप्प बस म्हटलं. नंतर वाईट वाटलं. रुखसार माझ्या शेजारी बसून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. एकदाच बोलली. "मैम, वो हर बार मुझे दिखाती थी. देखो दीदी, कितना उबाला."

वस्तीच्या तोंडाशी गाडी लावली आणि ई-रिक्षा केली. सहा नंबरचा पंप म्हशींच्या गोठ्याला लागूनच होता. शेणाचा ढीग तिथून वीस पावलांवर, आणि त्याच्या अलीकडे तीन घरांचे शोषखड्डे. पंपावर एक बाई कळशी भरत होती. मला ओरडावंसं वाटलं. पण ओरडून काय सांगणार होते? मोठ्यांसाठी त्या क्षणी ते पाणी तेवढं वाईट नव्हतं, आणि दुसरं पाणी माझ्या खिशात नव्हतं.

"मैं अकेली जाऊँगी," रुखसार म्हणाली. "मैंने ज़ुबान दी है." आम्ही दोघी गल्लीच्या कोपऱ्यावर थांबलो. ती दोन मिनिटांत धावत परत आली. दाराला कुलूप होतं.

शेजारच्या आजी उंबऱ्यात लसूण सोलत होत्या. आम्ही कोण, कुठल्या, हे त्यांनी आधी नीट विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "बच्चा दूध नहीं पी रहा था. होंठ नीले हो गए थे. कल सुबह बड़े अस्पताल ले गए. यहाँ का डॉक्टर बोला दिल में छेद होगा."

हॉस्पिटलला पोचेपर्यंतची चाळीस मिनिटं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. उड्डाणपुलाखालची सिग्नलची रांग. मुग्धा रडत होती, आवाज न करता. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. डॉक्टरला काय सांगायचं, कुठल्या शब्दापासून सुरुवात करायची. मी वीस वर्षं वर्गात बोलतेय. एक वाक्य जुळत नव्हतं.

सरकारी हॉस्पिटलच्या बालविभागात ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होती. दोन खाटांच्या मध्ये उभी राहून केसपेपर लिहीत होती. तिने मान वर न करता विचारलं, "अटेंडंट हैं?"

"नहीं. कल जो दो महीने का बच्चा आया है, होंठ नीले, उसके घर के पानी की रिपोर्ट मेरे पास है. हँडपंप में नायट्रेट बहुत ज़्यादा है. बच्चा डिब्बे का दूध उसी पानी में पीता है. उबला हुआ."

तिचं पेन थांबलं. "कितना?"

मुग्धाने प्रबंधाचं अठ्ठ्याऐंशीवं पान पुढे केलं. डॉक्टरने बोट ठेवून ओळ वाचली. "कालपासून ऑक्सिजन चालू आहे आणि रंग सुधारत नाहीये," ती हिंदीत स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "हृदयाची सोनोग्राफी नॉर्मल आली. मला कळतच नव्हतं." मग नर्सला हाक मारली.

डॉक्टरने बाळाच्या रक्ताचा एक थेंब पांढऱ्या फिल्टर पेपरवर ठेवला. शेजारी स्वतःच्या बोटाला टोचून एक थेंब ठेवला. साधं रक्त हवेत लाल होतं. तिचा थेंब लाल झाला. बाळाचा थेंब चॉकलेटी राहिला. आम्ही सगळ्या त्या कागदाकडे बघत उभ्या होतो. एक मिनिट गेलं. तो चॉकलेटीच राहिला.

यावर औषध आहे. मेथिलीन ब्लू नावाचं, शाईसारखं निळं इंजेक्शन. वॉर्डात ते नव्हतं. नर्स ऑपरेशन थिएटरच्या स्टोअरमध्ये फोन लावत होती, तिथे कोणी उचलत नव्हतं. शेवटी डॉक्टर स्वतः जिन्याने खाली धावली. ती परत येईपर्यंत अकरा मिनिटं झाली. मी भिंतीवरच्या घड्याळाखाली उभी होते.

बाळाची आई खाटेच्या कडेला बसलेली. वीस-बावीस वर्षांची असेल. तिने रुखसारला ओळखलं आणि तिचा चेहरा जरा उजळला. मदतीला कोणी आलं, असं तिला वाटलं असणार. रुखसार तिच्याजवळ खाली बसली आणि पाण्याचं सगळं सांगू लागली. ती ऐकत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी मोठी, मी मॅडम, हे तिला कळलं होतं.

"आप लोगों ने ही तो कहा था उबालकर पिलाना."

वाटेत मी बरीच उत्तरं तयार केली होती. रिपोर्ट नंतर आला. पत्रक जंतूंसाठी होतं. सगळी खरी.

"हाँ," मी म्हटलं. "हमने ही कहा था. गलती हमारी है."

तिने मान फिरवली आणि बाळाच्या पायावर हात ठेवला.

इंजेक्शन संथपणे द्यावं लागतं. दिल्यानंतर अर्ध्यापाऊण तासाने बाळाच्या नखांचा रंग बदलायला लागला. आधी मला वाटलं, मला तसं बघायचंय म्हणून दिसतंय. मग डॉक्टर म्हणाली, "देखिए." बाळ रडलं. चांगलं खणखणीत, भुकेचं रडणं. नर्सने बाटलीबंद पाण्यात दूध कालवून दिलं. मुग्धा कॉरिडॉरमध्ये जाऊन जमिनीवरच बसली. चार दिवसांनी बाळ घरी गेलं. त्याच्या बापाने रुखसारला फोन करून कळवलं. आई आमच्याशी पुन्हा कधी बोलली नाही, आणि तो तिचा हक्क होता.

मी प्रबंधावर सही केली नाही, सोमवारचं सबमिशन हुकलं. दोघींची डिग्री एक सेमिस्टर लांबली. मुग्धाची लागलेली नोकरी त्यामुळे गेली. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही, पण मला ते बोचतं. चूक तिची एकटीची नव्हती.

पंपाचं काय करायचं, हे आम्ही ठरवलं नाही. वस्तीत सभा घेतली, सगळे आकडे हिंदीत वाचून दाखवले आणि त्यांना विचारलं. दोन तास भांडण झालं. सील करतील, अशी सगळ्यांना भीती होती. गोठेवाला तर आमच्या अंगावर धावून आला. शेवटी लसूण सोलणाऱ्या आजींनीच तोडगा काढला. वस्तीने स्वतःच सहा नंबरचा आणि नायट्रेट जास्त निघालेला दुसरा, नऊ नंबरचा, असे दोन पंप लाल रंगवायचे. लाल पंपाचं पाणी धुण्याला, म्हशींना. पिण्याचं पाणी शाळेजवळच्या पंपावरून. मग आरोग्य खात्याला त्यांच्याच सह्यांचं पत्र गेलं. अजून तरी कोणी सील करायला आलेलं नाही. पाण्याची लाइनही आलेली नाही.

रिपोर्ट यायच्या आधी पत्रक छापल्याबद्दल एथिक्स कमिटीने मला लेखी समज दिली. ती रास्त होती. मुलाखतीच्या फॉर्ममध्ये आता एक प्रश्न वाढला आहे, 'तुमच्या जिवाला धोका आहे असं आम्हाला कळलं, तर कोणत्या नंबरवर सांगू?' आणि ती यादी आम्ही वर्षभर कुलपात ठेवतो.

दुसरा बदल कोर्सच्या नियमांत झाला. माथुर सरांनी थोडी खळखळ केली, मग सही केली. तोंडी परीक्षेत आता कुणालाच स्वतःच्या प्रकरणावर प्रश्न विचारत नाही. केमिस्ट्रीवाल्याला मुलाखतींवर विचारतो, समाजशास्त्रवाल्याला तक्त्यांवर. जोडीदाराने काय लिहिलंय हे ज्याला सांगता येत नाही, तो नापास. मुलांना हा नियम अजिबात आवडत नाही. दरवर्षी कोणीतरी माझ्या केबिनमध्ये येऊन म्हणतं, "मॅम, ये मेरा सब्जेक्ट नहीं है."

मी त्यांना बसायला सांगते आणि जोडीदाराचं प्रकरण वाचायला लावते.