उरलेला जोड

आमोण्याला नदीत आम्हाला पोहायला शिकवणारे सर पाण्यापेक्षा काठावरच्या आमच्या चपलांकडेच जास्त बघतात. कारखान्यातली नोकरी सोडून ते नुकतेच ट्रायथलॉनचे कोच झालेत आणि आमची ही त्यांची पहिलीच बॅच. आम्ही समोर उभे असलो तरी सगळी आली ना म्हणून विचारतात, "आयलीं मगे सगळीं?" प्रत्येकाच्या पायात चपला दिसल्याशिवाय ते कुणाला सायकलीकडे सोडत नाहीत. मला त्याचा वैताग यायचा.

परवा सगळ्यांनी चपला घातल्या, तरी काठाच्या पायरीवर एक जोड उरला.

"सर, आम्ही सगळे आहोत हो!" मी ओरडले. तोवर त्यांनी कपड्यांसकट उडी मारली होती. ओहोटीच्या ओढीत ते पुन्हा पुन्हा बुडी मारून शोधत राहिले. तेवढ्यात शेजारच्या देवळातून एक बाई डोक्यात देवाचं फूल माळून आली आणि तो जोड पायात सरकवून निघून गेली.

सर धापा टाकत वर आले. रिकाम्या पायरीकडे बघत हळूच म्हणाले, "आयलीं मगे सगळीं?"

आज पाण्यात उतरताना मी माझ्या चपला मुद्दाम त्यांच्या पायांजवळ काढल्या.